पक्षी उडाला तेव्हा माझा अंगठा बटण शोधत होता

पाणथळ (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी,

आज भिगवणला जाऊन आलो. पहाटे कुंभारगावातून होडी घेतली, फ्लेमिंगो लांबूनच बघितले आणि थेट ऑस्प्रेच्या, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या, मागे लागलो. उजनीच्या पाण्यात बुडालेल्या झाडाचा एक खुंट वर आलेला, त्यावर स्वारी बसलेली. उजेड डावीकडून, अंतर अगदी मनासारखं. नावाडी म्हणाला, "साहेब, शिटला की उडणार बघा." पक्षी शिटला. मी तयार. पक्षी उडाला.

जुन्या कॅमेऱ्यावर अशा वेळी माझा अंगठा न सांगता एएफ-ऑनवर, म्हणजे फोकस धरणाऱ्या मागच्या बटणावर, जायचा. आजही तो त्याच जागी गेला. फक्त नव्या कॅमेऱ्यात त्या जागी व्हिडिओचं लाल बटण आहे. ऑस्प्रेऐवजी माझ्याकडे अकरा सेकंदांची चित्रफीत आहे. तिच्यात पाणी आहे, नावाड्याचा गुडघा आहे आणि माझ्या तोंडून निघालेला एक शब्द आहे, जो इथे लिहिला तर संपादक धागा उडवतील.

जुना डीएसएलआर नऊ वर्षं वापरला. हा मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घेऊन चार महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या सकाळपर्यंत इथे आखाडा होईल. चित्रं उत्तम येतात, पक्ष्याचा डोळा तो आपणहून पकडतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बटणांची आहे. सगळी एका मापाची, एका उंचीची, बॉडीत रुतलेली. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की कुठलं कुठे, काही कळत नाही.

विचारायचं एवढंच: बोटांची जुनी सवय मोडायला किती दिवस लागतात? तुम्ही कुठलं काम कुठल्या बटणाला लावलंय? आणि दोष माझ्या वयाचा (५२) की बटणांचा?

---

लग्नसराई (रविवार, रात्री ११:५८)

दादा, दोष बटणाचाच. माझं ऐका.

मी लग्नं करतो, म्हणजे फोटो काढतो. दोन वर्षांमागं नवी बॉडी घेतली आणि चौथ्याच दिवशी सांगलीला कार्य. मंगलाष्टकं संपली, 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या. मी शटर दाबलं आणि कॅमेरा टुकटुक टुकटुक करायला लागला. दहा सेकंदांचा टायमर! ड्राइव्हचं बटण (एकेक फोटो, सलग फोटो की टायमर ते ठरवणारं) आयएसओच्या शेजारी आणि दोन्ही हाताला एकसारखी. कमी उजेडात फोटो उजळ यावा म्हणून आयएसओ वाढवतोय असं समजून मी टायमर लावून बसलेलो. अंतरपाट काय पुन्हा धरता येतोय होय? नशीब, भाचा दुसऱ्या बाजूनं उभा होता.

त्यानंतर नियम केला. दोन्ही बॉडी एकाच मॉडेलच्या आणि दोन्हीवर बटणांची मांडणी तंतोतंत सारखी. पूर्वी एक निकॉन, एक कॅनन असं चालवायचो. लेन्स बसवायची दिशा उलटी, झूमची कडी उलटी. एका कार्यात दोन्ही वापरले की रात्री जेवताना चमचासुद्धा उलटा फिरवायचो.

सवय लागायला मला दोन महिने लागले. पण त्या दोन महिन्यांत नऊ लग्नं होती. तुम्ही रविवारचे रविवार कॅमेरा उचलत असाल तर वर्ष धरा.

---

उंबरठा (सोमवार, सकाळी ७:१५)

वाचतेय. माझाही हाच त्रास आहे, फक्त माझ्याकडे ऑस्प्रे नाही, धाकटा मुलगा आहे. तोही शिटल्यावर पळतो.

---

कळफलक (सोमवार, सकाळी ९:३२)

पाणथळ, वय विसरा. बटणं एकसारखी असली की माणसं चुकतात, हे दुसऱ्या महायुद्धातच कळून चुकलंय. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं नीट उतरायची आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप वर घ्यायच्या ऐवजी चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि अगदी सारखे. त्याने चाकाच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. बघायची गरजच उरली नाही, हाताला कळायचं. लग्नसराईंचा टायमर हा त्याच जातीचा अपघात आहे.

कॅमेऱ्यातला इतिहासही मजेशीर आहे. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस घराघरात नेला, पण त्याच्यावर फिरवायच्या चकत्या नव्हत्याच. शटरचा वेग वाढवायचा तर बटण, कमी करायचा तर बटण, लेन्सच्या छिद्राचंही (अ‍ॅपर्चर) तसंच. १/६० वरून १/१००० ला जायचं तर टकटक करत बसा. पुढच्याच वर्षी कॅननने टी-९० आणला. त्याचा गोलसर आकार लुइगी कोलानीच्या हातून आला आणि शटरच्या मागे तर्जनीखाली एक चाक आलं. आज जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यावर तर्जनीखाली जे चाक आहे त्याचं मूळ तिथे. १९८९ च्या ईओएस-१ मध्ये अंगठ्याखालचं मोठं चाकही आलं.

ज्याचं मूल्य कमीजास्त करायचं असतं त्याला चाक हवं आणि जे चालू-बंद करायचं त्याला बटण. हे जिथे उलटं केलं जातं तिथे आपण अडखळतो.

अवांतर: २००५ च्या आसपासच्या कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर, अगदी पहिल्या ५डी वरसुद्धा, थेट प्रिंट काढण्यासाठी वेगळं बटण होतं आणि त्याला निळा दिवा. तो दिवा पेटलेला मी आयुष्यात एकदा पाहिला, तोही दुकानात. मार्केटिंगवाल्यांनी मागितलेलं बटण आणि फोटो काढणाऱ्याने मागितलेलं बटण यांतला फरक त्या निळ्या दिव्यात दिसायचा.

---

उंबरठा (सोमवार, सकाळी ९:५०)

कळफलक, छान माहिती. पण आम्हाला विमान उतरवायचं नाहीये. कुठलं बटण कशाला लावायचं ते सांगा ना.

---

सरळमार्गी (सोमवार, सकाळी १०:०५)

मोबाईल घ्या. बटणच नाही. प्रश्न मिटला.

---

लग्नसराई (सोमवार, सकाळी १०:०९)

@सरळमार्गी, मोबाईलवर ऑस्प्रे काढून इथं चिकटवा. वाट बघतो.

---

कळफलक (सोमवार, दुपारी १:२०)

बरं, कामाचं सांगतो.

पहिलं काम: फोकस शटरपासून तोडा. शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. एका बोटावर दोन कामं. फोकस मागच्या एएफ-ऑनवर दिला की अंगठा फोकस धरतो, तर्जनी फक्त फोटो काढते. कॅमेरा सतत फोकसच्या मोडवर ठेवा. पक्षी उडतोय तोवर अंगठा दाबून धरा, बसला की अंगठा उचला, फोकस तिथेच थांबतो. सिंगल की कंटिन्युअस, हे मेनूत जाऊन बदलायची गरजच राहत नाही.

दुसरं: फोकसची दोन क्षेत्रं दोन बटणांवर. एएफ-ऑनवर पूर्ण चौकट आणि डोळा ओळखणं. त्याच्या शेजारच्या बटणावर, ज्यावर बहुधा एक्स्पोजर लॉक (उजेडाचं माप धरून ठेवणं) असतो, एकच छोटा बिंदू. पक्षी फांद्यांत बसलेला असेल तर शेजारचं, आकाशात आला की एएफ-ऑन. पाणथळ, तुमचा ऑस्प्रे इथे मिळाला असता.

तिसरं: ते लाल बटण. बहुतेक मॉडेलमध्ये फोटोच्या मोडवर असताना त्याला दुसरं काम देता येतं किंवा ते बंद करता येतं. आजच करा.

---

आडनाव_नको (सोमवार, दुपारी ३:४४)

बॅक बटण फोकसचं, म्हणजे मागच्या बटणाने फोकस करण्याचं, लोकांनी उगाच स्तोम माजवलंय असं माझं मत. पूर्वी फोकस लॉक करून चौकट बदलायला ते हवं होतं. आता डोळा ओळखणारा कॅमेरा पूर्ण चौकटीत फोकस करतो, मग अंगठ्याला कशाला कामाला लावायचं? माझी बायको माझा कॅमेरा हातात घेते, शटर दाबते, सगळं धूसर. मग मी ऐकून घेतो. घरात एकच कॅमेरा आणि दोन माणसं असतील तर ही मांडणी करू नका.

---

पाणथळ (सोमवार, रात्री ९:१०)

@आडनाव_नको, माझ्याकडे तो प्रश्न नाही. सौ. कॅमेऱ्याला हातच लावत नाही, फक्त त्याची किंमत पाहुण्यांना सांगते.

@कळफलक, लाल बटणाला आयएसओ दिला. मेनूत ते शोधायला बावीस मिनिटं लागली. 'बटणांना कामं द्या' हा पर्याय दोन ठिकाणी आहे, एक फोटोसाठी आणि एक व्हिडिओसाठी, आणि मी सुरुवातीची पंधरा मिनिटं चुकीच्या ठिकाणी होतो.

---

अण्णा_सदाशिवी (सोमवार, रात्री १०:३०)

वय ७१. पाणथळ, तुम्ही ५२ ला रडताय?

माझी अडचण वेगळीच. लांबचं बघायला एक चष्मा, जवळचं बघायला दुसरा. लांबच्या चष्म्यातून मोर दिसतो पण बटणावरची अक्षरं दिसत नाहीत. जवळच्या चष्म्यातून अक्षरं दिसतात, तोवर मोर दिसेनासा झालेला असतो. शिवाय काळ्या बॉडीवर करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं छापणारा जो कोणी आहे तो पंचविशीतला असणार.

म्हणून मी चकत्यांवर गेलो. फुजीची एक्स-टी मालिका बघा: शटरचा वेग, आयएसओ, एक्स्पोजरची भरपाई (फोटो जरा उजळ की गडद), सगळं डोक्यावर चकत्यांवर कोरलेलं. कॅमेरा बंद असला तरी दिसतं की काय लावलंय. निकॉननेही २०१३ मध्ये डीएफ काढला, हल्ली झेडएफ. घरून निघतानाच चष्मा लावून सगळं लावून घेतो.

आणखी एक. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी डायॉप्टरचं, म्हणजे आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे जुळवून घ्यायचं, एक छोटं चाक असतं. पिशवीतून काढताना घासून ते फिरतं आणि समोरचं सगळं धूसर दिसायला लागतं. मी कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात गेलो होतो. पोराने ते चाक दोन घरं फिरवून दिलं आणि चहा पाजला.

---

कळफलक (सोमवार, रात्री १०:५२)

अण्णा, चकत्या सुंदर आहेत, वाद नाही. पण त्यांची एक खोट आहे. पक्षी काढणारा माणूस दोन-तीन मांडण्या साठवून ठेवतो, कॅमेऱ्यातल्या सी-१ या खणात उडणारा, सी-२ मध्ये बसलेला, आणि एका झटक्यात बदलतो. चकतीवर १/१२५ कोरलेलं असेल आणि आत १/३२०० चालू असेल तर ती चकती खोटं बोलते. म्हणून असे कॅमेरे निवांत कामाला उत्तम, धांदलीला नाहीत. तुमचा मोर आणि पाणथळांचा ऑस्प्रे यांना एकच कॅमेरा पुरणार नाही.

---

अण्णा_सदाशिवी (सोमवार, रात्री ११:०१)

मोरही उडतो हो.

---

डावरी (मंगळवार, सकाळी ८:२५)

इथे सगळे उजवे दिसतायत. मी डावखुरी आहे आणि डाव्या डोळ्यानेच बघते. तुम्ही म्हणताय ते मागचं एएफ-ऑन मी दाबायला गेले की अंगठा माझ्याच उजव्या डोळ्यात जातो. आणि डावा डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की नाक बरोबर पडद्यावर टेकतं. पडद्यावर बोट फिरवून फोकसचा बिंदू हलवायची सोय चालू असेल तर तो बिंदू माझं नाक हलवतं. कितीतरी दिवस मला वाटायचं कॅमेऱ्याला भूतबाधा झालीय. शेवटी पडद्याचा फक्त डावा अर्धा भाग चालू ठेवायचा पर्याय सापडला.

कॅमेऱ्याची मूठ उजवीकडे, शटर उजवीकडे, चाकं उजवीकडे. डावखुऱ्यांसाठी कोणी काहीच केलं नाही का?

---

कळफलक (मंगळवार, सकाळी ९:१५)

केलं होतं. १९३० च्या दशकात ड्रेस्डेनमध्ये बनणाऱ्या एक्झाक्टाचं शटर डाव्या हाताला होतं, मात्र ते सगळ्यांनाच डावीकडे! पुढे यशिका सामुराई हा उभा धरायचा कॅमेरा आला, त्याची खास डाव्या हातासाठी वेगळी आवृत्ती निघाली होती. डिजिटलमध्ये असं कोणी मनावर घेतलेलं नाही.

तुम्हाला एक सुचवतो. बऱ्याच बॉडींना लेन्सच्या बाजूला, मधल्या बोटाखाली, एक-दोन बटणं असतात. फोकस तिथे घ्या. अंगठा मोकळा, डोळा सुरक्षित. मोठ्या टेलिलेन्सच्या नळीवरही बटणं असतात, ती तर डाव्या हातानेच दाबायची असतात.

---

डावरी (मंगळवार, रात्री ८:४०)

पुढचं बटण! चार वर्षं ते तिथे आहे आणि मी त्याला शोभेचं समजत होते. करून बघितलं. जमतंय.

---

बर्फातली_चिमणी (मंगळवार, रात्री ११:१५)

टोरांटोहून लिहितेय. आमच्याकडे सहा महिने बटणांची परीक्षाच असते. हिमघुबड शोधायला उणे पंधरात उभं राहायचं तर जाड हातमोजे हवेत आणि जाड हातमोज्यात रुतलेलं बटण म्हणजे शेंगदाण्याच्या पोत्यात पडलेला तीळ. चाक मात्र हातमोज्यातूनही टक टक लागतं. टच पडदा तर साध्या हातमोज्याला दादच देत नाही. मी बोटांची टोकं उघडी करता येणारे मोजे वापरते, तरी तीन-चार मिनिटांनी टोकं बधिर होतात आणि मग बटण दाबलं गेलं की नाही तेही समजत नाही.

दुकानात उबेत उभं राहून कॅमेरा निवडू नका एवढंच सांगेन. मी आता हातमोजे घालूनच दुकानात जाते. दुकानदार बघतो, बघू दे.

---

काजवा (बुधवार, रात्री १२:०५)

अंधारातल्या बटणांचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

मे अखेरीपासून पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत मी भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांसाठी जातो. तिथे टॉर्च लावणं म्हणजे पाप. काजवे बिचकतात, आणि बाकीचे पाच जण तुमच्या अंगावर येतात कारण त्यांचं तीस सेकंदांचं एक्स्पोजर वाया जातं. निकॉनच्या डी-५०० आणि डी-८५० ला बटणांमागे मंद दिवे आहेत. पेंटॅक्सच्या के-१ ला तर लेन्स बसवायच्या जागेवर, पडद्यामागे आणि कार्डाच्या खाचेवर छोटे दिवे दिलेत. ज्याने हे केलं तो स्वतः कधीतरी अंधारात चाचपडला असणार. माझ्या कॅमेऱ्याला यातलं काही नाही.

मग बहिणीने तोडगा काढला. तिच्या पाकिटातली टिकली काढली आणि आयएसओच्या बटणावर चिकटवली. मखमली टिकली बोटाला लगेच कळते. दुसरी प्लेबॅकवर (काढलेले फोटो बघायचं बटण) लावली, कारण ते आणि डिलीट माझ्याकडे शेजारी आहेत. घामाने आठवड्यात एखादी गळते, पण पाकीट वीस रुपयांना येतं.

कायमचं हवं असेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, टाचणीच्या टोकाने. सुकला की दुसरा थेंब. फोड उठल्यासारखा उंचवटा होतो. सुपरग्लू चुकूनही नको, तो बटणाच्या फटीत उतरतो आणि मग सर्व्हिस सेंटरची वारी.

---

कळफलक (बुधवार, सकाळी ९:०५)

काजवा, हे चापानिसने केलं तेच आहे, फक्त त्याच्याकडे टिकली नव्हती. कॅननच्या काही बॉडींवर आयएसओच्या बटणाला कंपनीच तसा बारीक उंचवटा देते, तोही डोळा न काढता सापडावा म्हणूनच.

थोडं वाईट वाटून सांगतो: बटणं रुतलेली असण्याला कारणही असतं. पावसाळी, सीलबंद बॉडीत बटणाखाली रबर असतं, त्याने 'टिक' मऊ होते. उंच बटण पिशवीत आपोआप दाबलं जातं. कंपनीला 'चुकून दाबलं गेलं' आणि 'सापडत नाही' या दोन तक्रारींत एक निवडावी लागते. कार्ड पुसायला निकॉनच्या बऱ्याच बॉडींवर दोन बटणं एकदम धरावी लागतात आणि परत एकदा दाबावी लागतात, हा मला त्यातला शहाणा मार्ग वाटतो. धोक्याचं काम अवघड आणि रोजचं काम सोपं.

उलट नवं काहीतरी करायच्या नादात फसलेलंही आहे. कॅननने २०१८ च्या ईओएस आर वर अंगठ्याजवळ बोट सरकवायची पट्टी दिली होती. बटण नाही, चाक नाही, गुळगुळीत पट्टी. २०२० च्या आर-५ मध्ये ती गायब.

---

पाणथळ (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०)

धागा वर काढतोय, अहवाल देतो.

एएफ-ऑनवर पूर्ण चौकट, शेजारी छोटा बिंदू, लाल बटणावर आयएसओ. सी-१ वर उडणारा (१/३२००), सी-२ वर बसलेला (१/८००). मांडणी कार्डावर साठवून संगणकात ठेवली, म्हणजे सर्व्हिसला देऊन सगळं पुसलं गेलं तरी परत भरता येईल.

रोज सकाळी चहा होईस्तोवर दहा मिनिटं गॅलरीतल्या पारव्यांवर तालीम. डोळा व्ह्यूफाइंडरला आणि तोंडाने स्वतःलाच आज्ञा: "बिंदू! चौकट! आयएसओ!" समोरच्या इमारतीतल्या काकूंनी दुसऱ्या दिवशीच खिडकीचे पडदे लावले. सातव्या दिवसापासून बोटं चुकायची कमी झाली. जुन्या जागी अंगठा अजून जातो, पण घाई असली तरच.

आज परत भिगवण. तोच नावाडी. ऑस्प्रे नव्हता, पण डिकसळच्या बाजूला हॅरियर हा शिकारी पक्षी गवतावरून खाली खाली येत होता. अंगठा बिंदूवरून चौकटीवर गेला आणि मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. चौदा फोटो, त्यातले नऊ डोळ्यावर. आयएसओ मात्र वाढवायचा राहिला, सगळे किंचित काळे आलेत, कारण लाल बटणाच्या शेजारचं बटण दाबलं गेलं. अजून टिकली लावली नाहीये.

---

लग्नसराई (रविवार, रात्री १०:४१)

काळे आले तरी चालतं, उजळवता येतात. अभिनंदन! टिकली कुठल्या मापाची घ्यायची हो? पुढच्या आठवड्यात चार कार्यं आहेत.

---

काजवा (रविवार, रात्री १०:४४)

सगळ्यात बारीक. खड्याची घेऊ नका, बोटाला टोचते.